शेतावर १८० घरं: हरकत घ्यायची ती नेमकी कशाची?

पाणंद

रविवारी नेहमीसारखी चालायला बाहेर पडले, तर शेताच्या फाटकाला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद केबल टायने बांधलेला दिसला. १८० घरांसाठी आउटलाइन अर्ज, जमीन ग्रीन बेल्टमधली, म्हणजे शहराभोवती मोकळ्या राखलेल्या पट्ट्यातली, हरकती पाठवायला २१ दिवस. दोनदा वाचला आणि फाटकाला टेकून बराच वेळ तशीच उभी राहिले.

आम्ही लंडनच्या उत्तरेला एका गावात राहतो. चौदा वर्षं झाली. हे शेत काही चित्रात काढावं असं नाही. एक वर्ष गहू, एक वर्ष रेपसीड हे तेलबियांचं पीक, पुन्हा गहू. कडेने हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नचं दाट काटेरी कुंपण, मधून सार्वजनिक पायवाट, खालच्या अंगाला चर. माझ्या दोन्ही मुली सायकल शिकल्या त्या या वाटेवर. सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या होत्या, त्यांना इंग्रजीचं एक वाक्य जमत नव्हतं, पण कुत्री फिरवायला येणाऱ्या दोन बायकांशी त्यांची इथेच गट्टी जमली. मार्चपासून जुलैपर्यंत या शेतावर चंडोल असतात. पक्षी दिसत नाही, वर कुठेतरी आभाळात नुसता आवाज चालू असतो.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तयार पत्र फिरतंय. खाली आपलं नाव घालायचं आणि कौन्सिलला पाठवून द्यायचं. त्यात लिहिलंय की आमच्या खिडकीतला देखावा जाईल, घरांच्या किमती पडतील, गावाचं गावपण जाईल. मला त्यावर नाव घालवेना. एक तर माझं स्वतःचं घर ज्या वसाहतीत आहे तिथेही आधी शेतच होतं. दुसरं म्हणजे, घरं नकोत असं मला म्हणायचंच नाहीये. पण हे शेत जाऊ नये असं मनापासून वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात कशा लिहायच्या? इथे कोणी प्लॅनिंगमध्ये काम करणारं असेल तर सांगा.

नकाशावाला

पाणंदताई, अकरा वर्षं याच कामात आहे, तुमच्या नव्हे, दुसऱ्या काउंटीत. जरा सविस्तर लिहितो.

ते तयार पत्र पाठवू नका. देखावा जाणं आणि घराची किंमत पडणं या दोन्ही गोष्टी निर्णय घेताना विचारातच घेता येत नाहीत. मजकूर एकच असलेली तीनशे पत्रं आली तर आम्ही तीनशेचा आकडा नोंदवतो, पण अहवालात मुद्दा एकदाच लिहितो. आणि तो मुद्दा ग्राह्य नसेल तर तिथेच संपला. त्यापेक्षा त्या वाटेवर रोज चालणाऱ्या माणसाचं एक पत्र जड पडतं. जमिनीबद्दल त्याला जे माहीत असतं ते अर्जासोबतच्या चाळीस कागदांत नसतं.

आता ग्रीन बेल्टचं. हा लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, तेव्हा स्पष्टच सांगतो. ग्रीन बेल्ट हे जमिनीच्या सौंदर्याला मिळालेलं प्रमाणपत्र नव्हे. जमीन हिरवी आहे का, तिथे फुलपाखरं आहेत का, हे तो ठरवताना कोणी विचारलेलंच नव्हतं. इंग्लंडची साधारण साडेबारा टक्के जमीन ग्रीन बेल्टमध्ये येते. त्यात राखीव जंगलं आहेत, तशी गोल्फ मैदानं आहेत आणि बंद पडलेले पेट्रोल पंपही आहेत. पट्टा आखला तो पाच कामांसाठी: मोठ्या शहराचा अस्ताव्यस्त फैलाव रोखणं, शेजारची शहरं एकमेकांना चिकटू न देणं, ग्रामीण भागावरचं अतिक्रमण थांबवणं, ऐतिहासिक शहरांचा परिसर जपणं, आणि शहरातल्या पडीक जागा आधी वापरायला लावणं. तुमचं शेत यातलं कोणतं काम करतं, एवढाच प्रश्न असतो.

डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय धोरणाने यात 'ग्रे बेल्ट' आणला. पूर्वी बांधकाम झालेली जमीन त्यात येतेच. शिवाय पाचांपैकी पहिलं, दुसरं आणि चौथं काम जी जमीन जोरकसपणे करत नाही, तीही येते. नीट वाचा, तिसरं काम या यादीत नाही. म्हणजे 'ग्रामीण भागावर अतिक्रमण होतंय', जे गावकऱ्यांना सगळ्यात आधी सुचतं, ते जमीन ग्रे बेल्ट ठरवताना मोजतच नाहीत. त्यात फेब्रुवारी २०२५ च्या मार्गदर्शनात म्हटलंय की शहरं चिकटू न देणं म्हणजे शहरंच, गावं नव्हेत. तुमचं गाव शेजारच्या गावाला चिकटतंय हा मुद्दा त्यामुळे बराच दुबळा झालाय. मला स्वतःला हे पटलेलं नाही. दोन गावांमधली ती अर्ध्या मैलाची मोकळीक हाच तिथल्या लोकांचा ग्रीन बेल्ट असतो. पण नियम आज असा आहे आणि पत्र नियमाला धरूनच लिहावं लागतं.

अर्ज आउटलाइन आहे, तेव्हा माहितीपत्रकातली झाडं, बाकडी आणि हसरी मुलं बघून काही ठरवू नका. आत्ता ठरतं ते तत्त्व, म्हणजे इथे घरं होऊ द्यायची का, आणि बहुतेक वेळा रस्ता कुठून काढायचा तेवढं. बाकी सगळं नंतरच्या अर्जात.

भाड्याचं_घर

मी इथे फारशी लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

वय ३४. नवरा, मी, पाच वर्षांचा मुलगा. दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे आणि मुलाच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला ऑक्टोबरपासून काळी बुरशी येते. दर शनिवारी मी ती पुसते, आठवड्यात ती पुन्हा येते. तीन वेळा घर बदललं, दोनदा शाळेची प्रतीक्षायादी बदलली. आम्ही दोघंही पूर्णवेळ नोकरी करतो.

१९९७ मध्ये इंग्लंडात सर्वसाधारण घराची किंमत पूर्णवेळ नोकरीच्या वार्षिक पगाराच्या साधारण साडेतीन पट होती. २०२४ मध्ये ती साडेसात पटींच्याही वर गेली. तुमच्या भागात याहून खूप जास्त असणार. तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवलेली कुटुंबं २०२४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास होती. त्या निवाऱ्यात लेकरं आहेत, ताई.

चंडोलाचं वाचून मलाही वाईट वाटलं, खरंच. पण ज्याचं घर आधीच झालंय त्याने फाटकाशी उभं राहून 'आता पुरे' म्हटलं की आमच्यासारख्यांना ते कसं ऐकू येतं तेही जरा बघा.

हार्लोकर

दोघींचंही खरं आहे. एक जुनी गोष्ट सांगतो.

मी १९७९ पासून हार्लोत राहतो. पहिली अकरा वर्षं कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक सरकारने बांधून भाड्याने दिलेल्या घरात काढली. तेव्हा इथे कोणाला विचारलंत की घर कसं मिळालं, तर उत्तर एकच यायचं: नाव लावलं, मिळालं.

लंडनभोवती मोकळा पट्टा राखायचा कायदा १९३८ चा. १९४४ मध्ये नगररचनाकार ॲबरक्रॉम्बी यांच्या आराखड्यात तो पट्टा नीट आखला गेला, १९४७ च्या कायद्याने सगळ्या कौन्सिलांना जमिनीच्या वापरावर अधिकार मिळाला, आणि १९५५ मध्ये मंत्री डंकन सँडिस यांनी परिपत्रक काढून इतर शहरांनाही असे पट्टे आखायला सांगितलं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच आराखड्याचा दुसरा हात लोक विसरतात. पट्ट्याच्या आत बांधायचं नाही, तर माणसं जातील कुठे? त्यासाठी पट्ट्याच्या पलीकडे नवी शहरं वसवली. स्टीव्हनेज १९४६ मध्ये, मग क्रॉली, हेमेल हेम्पस्टेड, आमचं हार्लो, हॅटफील्ड, वेलिन, बॅझिल्डन, ब्रॅकनेल. चार वर्षांत लंडनभोवती आठ. १९५३ आणि १९५४ मध्ये ब्रिटनभर कौन्सिलांनी दर वर्षी दोन लाखांहून जास्त घरं बांधली.

म्हणजे कुलूप घातलं ते शेजारी दुसरं दार उघडून. ते दार पुढे बंद होत गेलं. १९८० च्या कायद्याने कौन्सिलची घरं भाडेकरूंना विकायला काढली, आणि विकली त्यांच्या जागी तितकी नवी उभी राहिली नाहीत. कुलूप मात्र तसंच राहिलं. भाड्याचं_घर यांना आज जे सोसावं लागतंय त्याचं मूळ मला इथे दिसतं. माझी मुलगी चाळिशीला आली, अजून भाड्याने राहते, तेव्हा हे मी पुस्तकातून बोलत नाही.

आणि आमच्या शहराच्या आत हिरव्या पाचरी आहेत, वस्त्यांच्या मधून जाणाऱ्या. घरं आणि मोकळी जमीन एकत्र नांदू शकतात, मी त्यातच राहतो. पण आधी कोणीतरी बसून आखावं लागतं. शेत सापडलं म्हणून बांधलं, असं केलं तर ते होत नाही.

शेतकऱ्याची_लेक

हार्लोकर काका, प्रतिसाद जपून ठेवला.

शेत कोण कसतं ते कोणी विचारलं का? पाणंदताई, जरा चौकशी करा. मी ज्या भागात राहते तिथे असंच एक शेत गेलं. जमीनमालक दूर राहणारा, आणि तीस वर्षं कसणारा माणूस खंडकरी. त्याला बातमी कळली ती फाटकावरच्या कागदातून.

त्याआधी कित्येक वर्षं ऑप्शनचा करार झालेला असतो. म्हणजे बिल्डर मालकाला थोडी रक्कम देऊन ठेवतो आणि परवानगी मिळाली तर जमीन आपल्यालाच, असं लिहून घेतो. शेतजमीन एकरी साधारण दहा-अकरा हजार पौंडांची. परवानगीचा शिक्का बसला की तोच एकर लाखांत जातो. मातीत काही बदललेलं नसतं, बदललेला असतो तो एक कागद. ही वाढ कोणाच्या खिशात जाते, हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि हरकतींच्या पत्रांत तो जवळजवळ कधीच नसतो.

मातीची प्रतही बघा. प्रत १, २ आणि ३अ ही उत्तम शेतजमीन समजतात आणि तिला धोरणात वजन आहे. अर्जासोबत माती तपासणीचा अहवाल नसेल तर तो मागा.

नकाशावाला

लेकीने नेमकं बोट ठेवलं. म्हणूनच ग्रीन बेल्टमधल्या मोठ्या घरबांधणीला २०२४ च्या धोरणात 'सुवर्ण नियम' घातलेत. स्थानिक धोरणात परवडणाऱ्या घरांचं जे प्रमाण असेल त्यावर आणखी १५ टक्के, कमाल मर्यादा ५०. शिवाय लागणाऱ्या सोयी आणि लोकांना खुली हिरवी जागा. ताई, तुमच्या कौन्सिलचं प्रमाण किती आहे ते काढा, त्यात १५ मिळवा आणि अर्जातल्या आकड्याशी ताडून बघा. त्यातलं सोशल रेंट, म्हणजे बाजारभावापेक्षा बरंच कमी भाडं असलेली घरं, किती तेही विचारा. बाजारभावाच्या ऐंशी टक्के भाड्यालाही 'परवडणारं' म्हणता येतं, आणि तुमच्या भागात ते भाड्याचं_घर यांना झेपणार नाही.

भाड्याचं_घर

नाहीच झेपणार. आमच्या इथे झालेल्या वसाहतीत फलकावर लिहिलं होतं 'परवडणारी घरं'. चौकशी केली. माझ्या आणि नवऱ्याच्या पगारात बसलं नाही.

थेंब

मी निचऱ्याची कामं करतो. ताई, तुम्ही लिहिलंत 'खालच्या अंगाला चर'. त्याबद्दल आणखी सांगा. पाऊस झाला की तिथे पाणी किती दिवस उभं राहतं?

पाणंद

@थेंब, डिसेंबर ते फेब्रुवारी पायवाटेचा खालचा शंभरेक पावलांचा तुकडा गमबुटाशिवाय पार होत नाही. माती चिकण आहे, बुटाला किलोभर लागते. तिथे गहूसुद्धा पिवळा पडतो आणि कडेचा तुकडा वाफशावर येतो तो बाकी शेतापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा, एवढं दरवर्षी बघून मला कळायला लागलंय. गेल्या वर्षी चर भरून पाणी रस्त्यावर आलं होतं, कोपऱ्यावरच्या दोन घरांच्या अंगणात शिरलं. माझ्याकडे फोटो आहेत, मुलींचे काढले होते, मागे पाणी दिसतं.

थेंब

मग हे तुमचं सगळ्यात भक्कम पान आहे.

ते शेत आज पाणी धरून ठेवतंय आणि हळूहळू सोडतंय. घरं झाली की छपरं आणि डांबर पाणी धरत नाहीत. त्यासाठी अर्जात एक तळं दाखवलेलं असेल, साधारणपणे सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. आता बघा, तो खालचा कोपरा म्हणजे तुमचा पिवळ्या गव्हाचा तुकडा. हिवाळ्यात जिथे जमीन आधीच तुडुंब असते, तिथे खणलेल्या तळ्यात पावसाचं पाणी मावायला रिकामी जागा कितीशी राहील? भूजलाची पातळी कोणत्या महिन्यात मोजली ते अहवालात शोधा. ऑगस्टमध्ये मोजली असेल तर तसं पत्रात लिहा आणि हिवाळ्यातली मोजणी मागा.

फोटोंवर तारीख असू द्या आणि कुठे उभं राहून काढला त्याची नकाशावर खूण करा. 'इथे पूर येतो' हे वाक्य आणि तारीख-जागेसकट सहा फोटो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सांडपाण्याचंही लक्षात ठेवा. १९९१ च्या जल उद्योग कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे नव्या घरांना सार्वजनिक मलवाहिनीला जोडून घेण्याचा हक्क आहे. पाणी कंपनी 'आमची क्षमता नाही' म्हणून सरसकट नकार देऊ शकत नाही. म्हणून क्षमतेचा प्रश्न परवानगीच्या आधीच सोडवून घ्यावा लागतो. वाढीव क्षमता तयार झाल्याशिवाय कोणी राहायला यायचं नाही, अशी अट मागता येते.

उन्हाळी_पाहुणा

सगळं ठीक, पण शेवटी परवानगी मिळतेच हो. कौन्सिलने नाकारली तर बिल्डर अपिलात जातो आणि जिंकतो. आमच्याकडे लोकांनी दोन वर्षं घालवली, काही उपयोग झाला नाही.

नकाशावाला

@उन्हाळी_पाहुणा, थकवा समजतो. अपील फक्त अर्जदारालाच करता येतं, गावकऱ्यांना नाही, ही विषमता आहेच. परवानगी दिली गेली तर लोकांना उरतो तो न्यायालयीन पुनर्विलोकनाचा मार्ग, त्याला सहा आठवड्यांची मुदत, आणि तिथेही निर्णय योग्य होता का हे बघत नाहीत, कायदेशीर होता का एवढंच बघतात. कौन्सिलकडे पाच वर्षं पुरेल इतका घरांच्या जमिनीचा साठा नसेल तर पारडं अर्जदाराकडे झुकतं.

पण म्हणून पत्र वाया जात नाही. परवानगी मिळाली तरी अटी कोणत्या पडतात, बिल्डर आणि कौन्सिलच्या करारात काय लिहिलं जातं, कुंपण राहतं की उखडतं, हे बऱ्याच वेळा या पत्रांवर ठरतं. अपील ऐकणारा सरकारी निरीक्षक तीच पत्रं वाचतो. मी अशी जागा पाहिलीय जिथे एका निवृत्त शिक्षिकेच्या पावसाळी नोंदींमुळे घरांची संख्या कमी झाली आणि खालचा तिसरा हिस्सा मोकळा राहिला.

चंडोलाबद्दलही सांगायचं राहिलं. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत १० टक्के वाढ दाखवणं बंधनकारक आहे. पण ते गणित अधिवासाचं असतं, प्रत्येक पक्ष्याचं नव्हे. चंडोल मोकळ्या शेतात जमिनीवर घरटं करतो. कागदावर कुंपण आणि तळं वाढवून दहा टक्के भरून निघतात, त्या पाखराला मात्र त्यातलं काहीच उपयोगाचं नसतं. पक्ष्यांची पाहणी कोणत्या महिन्यात केली ते बघा. नोव्हेंबरात केलेल्या पाहणीत घरटी सापडणार नाहीत.

पाणंद

चार दिवस अर्जाचे कागद वाचत होते, म्हणून उशीर झाला.

आधी भाड्याचं_घर, तुझ्याशी बोलायचंय. तुझा प्रतिसाद वाचून मला आधी राग आला आणि मग झोप आली नाही. आम्ही इथे आलो तेव्हा कर्ज मिळालं, घर मिळालं. त्याच्या मागे कोणाची तरी परवानगी, कोणाचं तरी शेत होतं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. 'घरं नकोत' हे शब्द माझ्या पत्रात येणार नाहीत. गावात स्टेशनजवळ बंद पडलेलं गोदाम आणि त्याचं डांबरी आवार आहे, आठ वर्षं तसंच पडून. तिथे कमी भाड्याची घरं आधी बांधा, हे पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलंय. ग्रामसभेतही बोलणार आहे, तिथे शेजारी नाराज झाले तरी.

थेंब, तुमचा अंदाज खरा निघाला. तळं खालच्या कोपऱ्यातच आहे आणि भूजलाची मोजणी एकदाच झालीय, सप्टेंबरात. अहवालात पाणी रस्त्यावर आल्याचा उल्लेख नाही. मी नऊ फोटो तारखेसकट लावलेत आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या आजोबांनी अंगणातल्या पाण्याबद्दल स्वतःच्या हाताने अर्धं पान लिहून दिलंय.

नकाशावालेदादा, सोशल रेंटचा आकडा अर्जात कुठेच नाही. 'धोरणानुसार' एवढाच शब्द आहे. मी आकडा मागितलाय आणि तो करारात लिहून हवाय असं म्हटलंय. आमच्या वसाहतीच्या वेळी दवाखान्यासाठी राखलेला तुकडा अजून मोकळा आहे, गवत कमरेएवढं झालंय, त्याचाही फोटो जोडला. तोंडी आश्वासनाचं काय होतं ते आम्ही रोज बघतो.

लेकी, शेत खंडकरीच कसतो. त्याच्याशी फाटकापाशी बोलले. फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, खालचा तुकडा त्याच्या वडिलांनीही कधी धड पिकवला नाही, ते त्याला 'तळं' म्हणायचे. हे वाक्य त्याच्या परवानगीने पत्रात घेतलंय, नाव न घालता.

शनिवारी सकाळी आठला आम्ही सहा जण फाटकापाशी भेटतोय. कुंपणात कोणकोणती झाडं आहेत ती मोजायची आहेत आणि चराची खोली दर वीस पावलांवर घ्यायची आहे. भाड्याचं_घर, तू फार लांब नाहीस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. मुलाला घेऊन ये. त्याच्या मापाचे जुने गमबूट माझ्याकडे आहेत.

भाड्याचं_घर

त्याला दहा नंबर लागतो. येते.